खालची कवळी

घरात तिला सगळे बारकी म्हणत. वय त्रेचाळीस, अंगापिंडाने भरभक्कम, हाताखाली दोन माणसं कामाला, तरी नाव आपलं बारकी. तिच्या बाबांना अख्खा धंदा मास्तर म्हणायचा. बापलेकीचं काम एकच, दात करायचं. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि त्या मापावरून ही दोघं अख्खी कवळी घडवत. आधी मेणाची, मग साच्यातली, मग घासूनपुसून आरशासारखी लखलखीत. वरची वेगळी, खालची वेगळी. नीट बसते की नाही ते बघायला गिऱ्हाईकही शेवटी त्यांच्याच कारखान्यात यायचं.

मास्तरांच्या मते वरची कवळी करायला फारशी अक्कल लागत नाही. टाळूला चिकटते बिचारी, आपली आपण राहते. खरी परीक्षा खालचीची. तिथे जीभ घटकाभर गप्प बसत नाही, गाल आत येतात, आणि धरायला काय तर हिरडीची एवढीशी कड. ‘‘लोकांच्या खिशात, डबीत, उशीखाली ज्या कवळ्या सापडतात ना, त्या सगळ्या खालच्या,’’ असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. दोन-दोनदा ऐकवत.

नऊ वर्षांपूर्वी खुद्द मास्तरांचेच उरलेसुरले दात गेले. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतः घेता येत नाही, तेव्हा नाइलाजाने तोंड लेकीच्या ताब्यात दिलं. पहिली जोडी त्यांनी घातली, जीभ फिरवली, काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘परत.’’ दुसरी घातली, सफरचंदाचा चावा घेतला, काढली. ‘‘परत.’’ बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हूं की चूं न करता ती तिसऱ्यांदा मेण वितळवायला बसली. तिसरी जोडी त्यांनी घातली, आरशात पाहिलं आणि कामाला लागले. चांगली झाली म्हणाले नाहीत, वाईट झाली म्हणाले नाहीत. बारकीने आपलं समजून घेतलं, चालतंय.

त्यानंतर ते दात तोंडाबाहेर कुणाच्या दृष्टीला पडले नाहीत. मास्तर न्हाणीघराचं दार लावून ते घासत. आई कुरकुरायची, ‘‘नऊ वर्षांत या माणसाने मला स्वतःचं बोळकं दाखवलेलं नाही. लग्नाच्या नवऱ्याचं बोळकं बघायचा हक्क नाही का मला?’’ मास्तर म्हणायचे, ‘‘दात करणाऱ्याचं बोळकं दिसलं की धंदा बसतो.’’ माणूस ऐटबाज, त्याला कोण काय करणार?

पण ऐट वेगळी आणि आडमुठेपणा वेगळा, आणि मास्तरांकडे दोन्ही भरपूर होतं. हृदय थकलंय म्हणून डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपासून गोळ्या दिल्या होत्या. त्यातली एक गोळी अंगातलं पाणी काढणारी. ती घेतली की कामावरून सारखं उठावं लागतं, म्हणून मास्तरांनी ती परस्पर बंद करून टाकली, कुणाला न सांगता. आठवडाभरात पाय सुजले, चपला घट्ट व्हायला लागल्या. आडवं झालं की दम लागतो म्हणून ते खुर्चीत बसून झोपायला लागले. बारकीने विचारलं तर उत्तर तयार, ‘‘खुर्चीत पाठ चांगली राहते.’’ आईने विचारलं तर, ‘‘तू घोरतेस.’’

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मास्तर पॉलिशच्या चाकावर एक कवळी घासत होते. हात मध्येच थांबला. त्यांनी टेबलाची कड धरली आणि तोंड उघडलं. छातीतून खळखळ असा आवाज यायला लागला, भांड्यात काहीतरी उकळत असल्यासारखा. ओठ निळसर, कपाळावर घामाच्या धारा. बारकीच्या तोंडचं पाणीच पळालं. शेजारच्या चावीवाल्याने कामाची व्हॅन काढली, दोघांनी मिळून मास्तरांना मागच्या बाकावर बसवलं, आई पुढे बसली आणि गाडी सुटली.

आणि त्या गाडीत बारकीने ती गोष्ट केली.

दम लागलेल्या माणसाच्या तोंडात सुटी वस्तू ठेवू नये. कवळी निसटली, घशात गेली, तर कारभार आटोपला. हे बारकी प्रत्येक गिऱ्हाइकाला पढवायची. कवळीबरोबर जो सूचनांचा कागद द्यायची, त्यावर ते तिनेच लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत. दुसऱ्या कुणाच्या मुलीला असल्या वेळी बापाचे दात आठवलेही नसते. हिला सगळ्यात आधी तेच आठवले. ‘‘बाबा, दात काढा.’’ मास्तरांनी मान हलवली, नाही. ‘‘बाबा!’’ त्यांनी जबडा आवळून धरला. एवढा दम लागलेला माणूस, पण जबडा काही सोडेना. ‘‘जीव चाललाय तरी कसली हो ऐट तुमची?’’ असं ओरडत तिने अंगठा घालून वरची काढली. खालची निघेना. कुठे बोट घातलं की ती उचलली जाते हे जगात एकट्या बारकीला ठाऊक होतं, तरी दोनदा प्रयत्न करावा लागला. दोन्ही तिने ओल्या रुमालात गुंडाळल्या आणि पुढे आईच्या हातात दिल्या. मास्तर तिच्याकडे असे काही बघत होते की तिने नजर वळवली.

हॉस्पिटलात पोचल्यावर पुढची दहा मिनिटं नुसती पळापळ. कॉटची डोक्याकडची बाजू वर करून मास्तरांना बसतं ठेवलं, हाताला सुई, छातीला वायरी, बोटाला चिमटा. तिथली डॉक्टर ठेंगणीशी बाई होती, केसांत पेन खोचलेलं, आवाज असा शांत की समोरच्याला आपल्या आरडाओरड्याची लाज वाटावी. तिने बारकीला बाजूला घेऊन चार वाक्यांत सांगितलं.

‘‘हृदयाचा पंप दमलाय, म्हणून पाणी मागे साठून फुप्फुसात भरलंय. पाणी उतरायचं इंजेक्शन दिलंय, पण त्याला वेळ लागतो. तोवर या मशीनने मास्कमधून जोरात हवा द्यायची, म्हणजे फुप्फुसं उघडी राहतात आणि हृदयावरचा भारही हलका होतो. मास्क नीट बसला तर तासाभरात चित्र पालटेल.’’

‘‘आणि नाही बसला तर?’’

‘‘तर झोपेचं औषध देऊन घशातून नळी घालावी लागेल. या वयात आणि अशा हृदयात नळी घालणं एक वेळ सोपं. ती कधी निघेल, निघेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.’’

बारकी म्हणाली, ‘‘मग बसवा मास्क.’’ मास्क बसवणं म्हणजे काय ते तिला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणसाच्या तोंडावर वस्तू नेमकी बसवणं यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

मास्क लावणारा ब्रदर पैलवानासारखा होता, हात फावड्याएवढे, पण त्या हातांचं काम मोठं हळुवार. त्याने आधी पट्टे बांधलेच नाहीत. नुसता मास्क हातात धरून मास्तरांच्या तोंडापुढे आणला, हवेचा झोत त्यांना गालावर घेऊ दिला, म्हणाला, ‘‘काका, घाबरायचं नाही. गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटेल. ती आत ढकलते, तुम्ही नुसतं घ्यायचं.’’ मग हळूच टेकवला, मग पट्टे. मास्तर मास्क ओढायला लागले की बारकी त्यांचे हात धरी. डॉक्टरने तिला तेवढ्यासाठीच आत राहू दिलं होतं.

पण मास्क बसेना. दोन्ही गालांच्या बाजूने हवा फसफसून बाहेर यायची, मशीन केकाटायचं. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी. ब्रदरने पट्टे आवळले, फसफस वाढली. लहान मास्क आणला, तो वरून गळायला लागला. नाकावर पट्टी लावून पाहिली, मास्क खाली सरकवून पाहिला. दहा-बारा मिनिटं गेली. मास्तरांचे खांदे वरखाली होत होते आणि दर श्वासाला थोडे थोडे सैल पडत होते. बारकीने त्यांना इतकं दमलेलं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरने मागे वळून खूण केली. नळीची ट्रॉली कॉटशेजारी येऊन उभी राहिली, कापड बाजूला झालं.

ब्रदरने शेवटचा प्रयत्न म्हणून दोन्ही अंगठ्यांनी मास्तरांचे गाल मास्कच्या कडेला दाबून धरले. फसफस थांबली. मशीन गप्प झालं. आकडा सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. त्याने पट्टा धरायला एक हात काढला, तशी त्या बाजूने पुन्हा हवा सुटली. ‘‘गाल पार आत गेलेत मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘टेकायला काही नाहीच.’’

बारकीने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, कामावर बसल्यावर पाहायची तसं. नऊ वर्षांपूर्वी हाच चेहरा समोर घेऊन ती बसली होती. हे गाल कुठे किती भरायचे, ओठ किती पुढे आणायचा, हनुवटी किती खाली ठेवायची, हे केसाकेसाने मोजून तिने ठरवलं होतं. तो चेहरा तिने घडवलेला होता. आणि मघाशी गाडीत तिने स्वतःच्या हाताने तो काढून घेतला होता.

‘‘दात!’’ ती ओरडली. ‘‘डॉक्टर, त्यांचे दात! मी काढलेत, गाडीत. ते घातले की गाल भरतात. ब्रदरने अंगठे ठेवलेत ना, तिथेच कवळीची कड येते, अगदी तिथेच.’’

डॉक्टर म्हणाली, ‘‘पक्के बसणारे असतील तर आम्ही ठेवतोच. सैल असले, तर एवढ्या दाबाच्या हवेत घशात जातील. खालचे तर बहुतेकांचे सैलच असतात.’’

आता गंमत बघा. हेच वाक्य बारकीने हजार वेळा हजार जणांना सांगितलेलं. पण त्या क्षणी तिला त्याचा असा काही राग आला म्हणता! ‘‘सैल?’’ ती म्हणाली. ‘‘ही कवळी मी केली आहे. खालची मी घालते, तुम्ही बोटाने ओढा. जोर लावून ओढा. केसभर हलली तर घाला नळी, मी तोंडातून शब्द काढणार नाही.’’

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. ‘‘दोन मिनिटं.’’

बारकी धावली. बाहेर बाकावर आई पर्स पोटाशी धरून बसली होती. ‘‘आई, दात दे!’’

‘‘दात? आत्ता? अगं खायला देतायत का त्यांना?’’

‘‘दे म्हणते ना!’’ रुमाल ओढून घेऊन ती परत फिरली. मागून आईचा आवाज आला, ‘‘धुऊन घाल गं, पर्समध्ये होते!’’

धुवायचे तर होतेच. ऑक्सिजनने मास्तरांचं तोंड पार कोरडं पडलं होतं, आणि कोरड्या तोंडात कवळी कुणाचीच धरत नाही, मग ती कुणीही केलेली असो. बारकीने दोन्ही कवळ्या स्वच्छ पाण्यात बुडवल्या, ओल्या बोटाने मास्तरांच्या हिरड्या ओलावल्या. ब्रदरने मास्क उचलला. वरची तिने टाळूला दाबली, चप्प करून बसली. खालची घालायला गेली तर मास्तरांची जीभ आडवी. तोंड श्वासासाठी सारखं उघडंमिट. कवळी तिरकी झाली. ‘‘ताई, आकडा पडतोय, मास्क लावतो,’’ ब्रदर म्हणाला. मास्क लागला. अर्धं मिनिट. बारकीने कवळी पुन्हा पाण्यात बुडवली आणि बोटं रुमालाला कोरडी पुसली.

मास्क पुन्हा उचलला तेव्हा ती बाबा म्हणाली नाही. कारखान्यातल्या आवाजात म्हणाली, ‘‘मास्तर, जीभ वर. तशीच ठेवा. आता ओठ मिटा. गिळा.’’

चार दशकं हेच शब्द लोकांना सांगत आलेल्या माणसाने जीभ वर केली, ओठ मिटले आणि गिळलं. बारकीला बोटाखाली कळलं. बसली.

डॉक्टरने हातमोज्यातलं बोट आत घालून खालची कवळी वर ओढली. हलली नाही. अंगठा लावून जोरात ओढली, तेव्हा मास्तरांची हनुवटी वर आली, हनुवटीबरोबर मान आली, पण कवळी जागची ढळली नाही. डॉक्टरच्या तोंडून नकळत ‘‘अरे वा’’ निघालं. पाठोपाठ ती म्हणाली, ‘‘मास्क.’’

मोठा मास्क लागला, पहिलाच, जो बसत नव्हता तो. ब्रदरने पट्टे नुसते अडकवले, आवळलेही नाहीत. तिघांनी कान टवकारले. फसफस नाही. मशीन एका लयीत हवा ढकलत होतं आणि मास्तरांची छाती तिच्याबरोबर भरत होती. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव. ‘‘घ्या काका, घ्या, झकास,’’ ब्रदर पुटपुटत होता. 

लगेच सगळं आलबेल झालं असं नाही. ट्रॉली जागची हलली नाही, डॉक्टर म्हणाली तासाभराने रक्त तपासू, मग ठरवू. तो तास बारकी कॉटच्या कडेला बसून राहिली. इंजेक्शनने पाणी उतरायला लागलं, लघवीची पिशवी भरली, दुसरी लावली. छातीतली खळखळ आधी वर होती, मग खाली गेली, मग कान देऊनही ऐकू येईना. मास्तरांचे ओठ मास्कच्या आत हळूहळू माणसाच्या रंगाचे झाले. डोळे मिटण्याआधी त्यांनी लेकीचा अंगठा मुठीत धरला. रक्ताचा कागद आला, डॉक्टरने तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्या कुणाला न सांगता स्वतःच्याच हाताने ती ट्रॉली ढकलत पार पलीकडच्या भिंतीपाशी नेऊन ठेवली.

आईला आत सोडलं तेव्हा मास्तर झोपले होते. तिने मास्कमधून दिसणारे दात पाहिले आणि पदराने डोळे पुसले. ‘‘आता नाही मागत हो मी बोळकं,’’ ती म्हणाली. बारकीला मात्र एक गोष्ट आतून कुरतडत होती. हे दात तिनेच काढले होते. तिच्या हुशारीपायी बाप नळीच्या दारात जाऊन परत आला होता, आणि हे एक-दोन दिवसांत तिला त्यांच्या तोंडून ऐकावं लागणार होतं. तेही मास्तरांच्या तोंडून, म्हणजे चारचौघांत.

ती वेळ दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. मास्क आता थोडा थोडा वेळ काढत होते. साध्या नळीतून नाकाला ऑक्सिजन लावून मास्तर उशीला टेकून बसले होते, तेव्हा डॉक्टर पाच-सहा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आली. कालची हकिगत तिने त्यांना सांगितली. मास्क गळत असेल तर पट्टे आवळण्याआधी तोंडाकडे बघा, म्हणाली. दात कुठे आहेत ते विचारा, घट्ट बसतात का ते स्वतः तपासा. पोरं वहीत लिहून घेत होती. मास्तरांना बोलायची मनाई होती.

‘‘नुसतं लिहून काय कळणार?’’ मास्तर बोलले. आवाज घोगरा, पण मास्तरांचाच. ‘‘ओढून बघा.’’

डॉक्टर हसली. ‘‘काका, तुम्ही बोलायचं नाही.’’

‘‘मी बोलत नाही, तोंड उघडतोय.’’ आणि ज्या माणसाने नऊ वर्षं न्हाणीघराचं दार लावून दात घासले, तो वॉर्डभर माणसांसमोर आ वासून बसला. एकेक पोरगा हातमोजा चढवून पुढे आला. एकेकाने खालची कवळी ओढली. प्रत्येकाबरोबर मास्तरांची मान वर आली आणि खाली गेली. शेवटच्या मुलीने तर दोन हातांनी ओढली. ब्रदर कोपऱ्यात तोंडावर हात ठेवून हसत होता.

‘‘काका,’’ ती मुलगी म्हणाली, ‘‘ब्रदर सांगत होते, तुम्ही या कामातले मास्तर आहात म्हणून. स्वतः केलीत ही?’’

बारकीने मान खाली घातली. आता येणार, तिला वाटलं.

‘‘हिने केली,’’ मास्तर म्हणाले. ‘‘माझी मुलगी.’’ मग दम घ्यायला थांबले. डॉक्टरने हात वर केला, त्यांनी तो नजरेनेच खाली करायला लावला. ‘‘पंचेचाळीस वर्षं मी कवळ्या करतोय. पहिल्याच दिवशी ही तोंडात घातली आणि मला कळलं. खालची अशी माझ्या हातून एकदाही झालेली नाही. एकदाही नाही.’’ पुन्हा थांबले. ‘‘आणि नऊ वर्षांत मी हिला ते सांगितलं नाही. सांगताना जीभ झडत होती माझी. सांगितलं असतं तर काल गाडीत हिने ती काढलीच नसती. तिला ठाऊक असतं, ही निसटत नाही म्हणून. चूक हिची नाही, डॉक्टर. माझी आहे. तेही लिहून घ्या.’’

कुणी काही लिहिलं नाही. ब्रदर पुढे आला आणि मास्क उचलून म्हणाला, ‘‘पुरे आता काका.’’ मास्तरांनी निमूट मान पुढे केली.

बारकीचा ऊर असा भरून आला होता की काय करावं ते तिला सुचेना. रडायलाही येत होतं आणि त्या सगळ्या वॉर्डापुढे ताठ मानेने उभंही राहावंसं वाटत होतं, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं. तिने रुमालात दणदणीत नाक शिंकरलं आणि त्या पोरांकडे वळली.

‘‘ऐकलंत ना सगळ्यांनी?’’ ती म्हणाली. ‘‘लक्षात ठेवा. घरी गेले की शब्द फिरवतील ते.’’